अंकीय नकाशावरील जीपीएस बिंदूंचे विस्थापन : निदान व निराकरण

अंबड (नाशिक) येथील औद्योगिक वसाहतीत जीपीएसने नोंदविलेला रस्त्यावरील बिंदू जुन्या स्थलदर्शक नकाशावर शेजारच्या भूखंडात पडू शकतो. अशा वेळी उपकरणास दोष देण्यापूर्वी विस्थापनाचे स्वरूप तपासणे अगत्याचे ठरते.

सर्व बिंदू एकाच दिशेने व सारख्या अंतराने सरकले असल्यास दोष डेटमचा असतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे १८३० च्या एव्हरेस्ट विवृत्ताभावर आधारित आहेत. जीपीएस ‘डब्ल्यूजीएस ८४’ वापरते. दोहोंच्या अर्धदीर्घ अक्षांत ८०० मीटरहून अधिक फरक असून केंद्रेही भिन्न आहेत. त्यामुळे नाशिक परिसरात बिंदू शंभर मीटरच्या घरात सरकतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने मुक्त नकाशा मालिकेसाठी ‘डब्ल्यूजीएस ८४’ स्वीकारले.

बिंदू कित्येक किलोमीटर दूर गेल्यास निर्देशांकांची मांडणी तपासावी. १९°५७′ हा अक्षांश १९.९५ ऐवजी १९.५७ असा भरल्यास बिंदू सुमारे ४२ किलोमीटर दक्षिणेस जातो. यूटीएम पद्धतीत नाशिकसाठी ४३ वा विभाग निवडावा लागतो. बिंदू अनियमितपणे विखुरले असल्यास मात्र उंच इमारतींमुळे संकेतग्रहणात अडथळा आल्याचे समजावे.

बिंदू हाताने सरकवून जुळविल्यास नकाशा सुबक दिसतो. परंतु चूक लपते आणि भूखंडाच्या सीमेचा निर्णय त्याच चुकीवर उभा राहतो. म्हणून मूळ डेटम नोंदवून शास्त्रशुद्ध रूपांतर करणे व ज्ञात स्थानावर पडताळणी घेणे, हाच योग्य मार्ग होय.