पत्ते मोबाइलवर, भुर्दंड खात्यावर

जुलै 2025 मध्ये विधान परिषदेतली एक चित्रफीत राज्यभर फिरली. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप आमदार रोहित पवार यांनी केला. कोकाटेंनी तो फेटाळला. पण 31 जुलैला त्यांचं खातं बदललं आणि कृषिखातं इंदापूरचे आमदार दत्तात्रय भरणे यांच्याकडे आलं. पुढच्या तीन आठवड्यांत संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारं विधेयक मंजूर केलं आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली. बारामती-इंदापुरात या विषयावर राजकीय चर्चा भरपूर झाली. आपल्या खात्यातल्या पैशाचं काय, याबद्दल मात्र ऐकीव माहितीच जास्त फिरते.

गैरसमज : पोकर कौशल्याचा खेळ आहे, म्हणून त्याला बंदी लागू नाही.
वस्तुस्थिती : हा युक्तिवाद जुना आहे आणि एकेकाळी त्यात दम होता. रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 1967 मध्येच म्हटलं होतं. पोकरवर उच्च न्यायालयांचीही मतं वेगवेगळी पडली. 2025 च्या कायद्यानं हा वादच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे भरून पैसे जिंकायचे असतील तर तो 'ऑनलाइन मनी गेम' ठरतो. म्हणूनच पोकरबाझी, ड्रीम11, एमपीएल यांनी पैशाचे खेळ थांबवले. या कायद्याविरुद्ध याचिका झाल्या हे खरं, पण याचिका दाखल होणं म्हणजे स्थगिती मिळणं नव्हे.

गैरसमज : आता खेळणाऱ्यालाही तुरुंग.
वस्तुस्थिती : या कायद्यातली शिक्षा खेळ चालवणाऱ्याला (3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटीपर्यंत दंड), जाहिरात करणाऱ्याला (2 वर्षांपर्यंत, 50 लाखांपर्यंत) आणि त्यासाठी पैशाचे व्यवहार करून देणाऱ्याला आहे. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. रानातल्या शेडमध्ये रंगलेल्या डावाची गोष्ट वेगळी. तिथं 1887 चा जुगारबंदी कायदा लागतो आणि अड्ड्यावर सापडलेला खेळाडूही आरोपी होतो.

गैरसमज : परदेशी साइटवर आपला कायदा चालत नाही, पैसे युपीआयनं जातात, म्हणजे सगळं रीतसर आहे.
वस्तुस्थिती : भारतातल्या लोकांना खेळ पुरवणारी साइट देशाबाहेरून चालत असली तरी कायदा तिला लागू आहे. बँकांना असे व्यवहार करून देण्यास मनाई आहे. मग पैसे जातात कसे? स्क्रीन नीट बघा. 'डिपॉझिट' दाबलं की क्यूआर कोड येतो आणि त्याखाली पोकर कंपनीचं नाव नसतं. कधी कुठल्या तरी ट्रेडर्सचं असतं, कधी एखाद्या अनोळखी माणसाचं. पुढच्या वेळी नाव पुन्हा बदललेलं. ही बहुधा भाड्यानं घेतलेली खाती असतात. व्यवहार युपीआयनं झाला एवढ्यानं तो कायदेशीर ठरत नाही.

गैरसमज : पैसे खात्यात आले की सुटलो.
वस्तुस्थिती : खरी गोम इथंच आहे. जिंकलेले 15 हजार तीन अनोळखी खात्यांतून तीन तुकड्यांत येतात. त्यातला एक तुकडा दुसऱ्या राज्यात कुणाला तरी फसवून लुटलेला निघाला, की पोलीस पैशाचा माग काढत तुमच्या खात्यापर्यंत पोहोचतात. कधी तेवढीच रक्कम अडकते, कधी अख्खं खातं गोठतं. त्याच खात्यावर उसाचं बिल, दुधाचा पगार किंवा एमआयडीसीतला पगार जमा होत असेल तर घरखर्चच अडतो. गोठवण्याचा आदेश बाहेरच्या पोलिसांचा असल्यानं इथल्या शाखाधिकाऱ्याला तो परस्पर उठवता येत नाही. शाखेतून तक्रारीचा क्रमांक आणि आदेश देणाऱ्या पोलीस ठाण्याचं नाव घ्यायचं आणि तिथल्या तपास अधिकाऱ्याकडे किंवा न्यायालयात दाद मागायची.

गैरसमज : पैसे काढण्याआधी 30 टक्के कर भरावा लागतो.
वस्तुस्थिती : कर आहे, पण तो असा घेत नाहीत. एप्रिल 2023 पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर आहे आणि तो कंपनीनं कापून उरलेले पैसे द्यायचे असतात. 10 हजार भरले आणि 25 हजार काढले, तर 15 हजारांवर साडेचार हजार कापून 20 हजार 500 हातात यायला हवेत. 'आधी टीडीएस जमा करा, मग विड्रॉल सोडतो' असा निरोप आला तर तो फसवणुकीचाच समजा. टीडीएस येणाऱ्या पैशातून कापतात, तो खिशातून आगाऊ मागत नाहीत.

गैरसमज : गोव्यात कॅसिनो चालतो, मग इथं काय हरकत?
वस्तुस्थिती : गोव्यातले कॅसिनो तिथल्या स्वतंत्र कायद्याच्या परवान्यावर चालतात. महाराष्ट्रानंही 1976 मध्ये कॅसिनोसाठी कायदा केला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि शेवटी 2023 मध्ये रद्द करण्यात आला.

बंद झालेल्या भारतीय ॲपवर शिल्लक अडकली असेल तर ती त्या ॲपमधूनच आणि स्वतःच्याच खात्यावर मागा. 'काढून देतो' म्हणणाऱ्या टेलिग्रामवरच्या मध्यस्थाला ओटीपी देऊ नका. महिना काही हजारांसाठी कुणी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मागत असेल तर साफ नकार द्या. खेळणाऱ्याला शिक्षा नसली तरी व्यवहाराला खातं पुरवणारा गुन्ह्यात ओढला जाऊ शकतो. फसवणूक झालीच तर लाजेपोटी दिवस घालवू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार नोंदली गेली, तर ते थांबवण्याची शक्यता वाढते.