डोक्यावर यंत्र घेतलेला फ्रिज
अमेरिकेतले सुरुवातीचे विजेचे घरगुती फ्रिज म्हणजे बरेचदा जुन्या बर्फपेटीलाच जोडलेलं यंत्र. मोटर वेगळी, कॉम्प्रेसर वेगळा, मधे फिरता पट्टा. कॉम्प्रेसरचा दांडा जिथून बाहेर येई तिथलं सील झिजलं की थंडावा आणण्यासाठी वापरलेला सल्फर डायऑक्साइड गळायचा. वायू विषारी खरा, पण इतका झोंबरा की लपून राहत नसे, एवढाच काय तो दिलासा!

१९२७मध्ये जनरल इलेक्ट्रिकने ‘मॉनिटर टॉप’ आणला. ख्रिश्चन स्टीनस्ट्रप यांच्या रचनेत मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी डब्यात कायमचे बंद झाले. दांडा बाहेर काढायची गरजच उरली नाही. डबा कपाटाच्या डोक्यावर, भोवती उष्णता बाहेर टाकणारी नळी. दिसायला बेढबच, पण तापलेली हवा वरच्या वर निघून जाई. दहा लाखांहून अधिक फ्रिज खपले.