शिवनेरीच्या पोटातली यवनाची पंगत

शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेल्याचं जुलै २०२५मध्ये सगळ्यांनी वाचलं. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून तो तिथे गेला, आणि ते रास्तच आहे. पण त्याच डोंगराच्या कड्यांत शिवजन्माच्या सुमारे दीड हजार वर्षं आधी कोरलेली बौद्ध लेणी आहेत. शिवाई देवीला हात जोडून वर चढणाऱ्या गर्दीतले फार थोडे तिकडे वळतात. तिथल्या एका शिलालेखात ‘गतां’पैकी चित नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दान दिल्याची नोंद आहे. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली. समोर मानमोडीच्या डोंगरात चंद नावाच्या तिसऱ्यानं चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचा खर्च उचलला.

यवन म्हणजे ग्रीकच का, यावर पंडितांची भांडणं आहेत. एकानं तर या ‘गतां’ना थेट युरोपातले गॉथ ठरवलं! ते राहू द्या. कल्याण बंदरात माल उतरायचा, नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात यायचा, आणि त्या वाटेनं भूमध्य समुद्राकडची माणसं इथवर पोचली होती, एवढं पक्कं. त्यांतला एक जण जेवणघर बांधून देतो, हे वाचलं की मला एपिक्युरस आठवतो.

सुखवादाचा हा ग्रीक आचार्य इ.स.पू. ३४१मध्ये सामोस बेटावर जन्मला. इ.स.पू. ३०६च्या सुमारास त्यानं अथेन्समध्ये एक बाग घेतली आणि तिथे मित्रांसह राहू लागला. बायका आणि गुलामही त्या बागेत शिकत, एवढ्यावरूनच गावात कुजबुज सुरू झाली. सुख हेच जीवनाचं साध्य म्हणणारा माणूस बंद दाराआड काय करत असेल, ही लोकांची शंका. प्रत्यक्षात तिथे भाकरी आणि पाणी होतं. एकदा त्यानं मित्राला चीजचं छोटं मडकं पाठवायला सांगितलं. कधी मनात आलं तर मेजवानी करता यावी म्हणून. सुखवाद्याची चैन ती एवढी!

त्याचा हिशेब साधा होता. भूक, तहान, थंडी यांच्या गरजा नैसर्गिक आणि आवश्यक. पंचपक्वान्नं नैसर्गिक, पण आवश्यक नव्हेत. कीर्ती, सत्ता, पुतळे या पोकळ इच्छा, कारण त्यांना तळच नाही. शरीराला दुःख नाही आणि मनाला धास्ती नाही, की सुखाची हद्द आली. त्यापुढे फक्त चवी बदलतात. काय खायचं यापेक्षा कोणाबरोबर खायचं ते आधी पाहा, असंही तो सांगे. दर महिन्याच्या विसाव्या दिवशी शिष्यांनी एकत्र जमावं, अशी तरतूद त्यानं मृत्युपत्रात केली. त्याच मृत्युपत्रात मिस नावाच्या गुलामाला मुक्त केलं. मला त्याच्या अणुवादापेक्षा हे मृत्युपत्र जास्त पटतं.

आपल्याकडे चार्वाकाचीही अशीच बदनामी झाली. कर्ज काढून तूप पिणारा म्हणून तो आपल्याला पाठ आहे, पण ते चित्र मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांतलं. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’नं ते घट्ट केलं. सदाशिव आठवले आणि आ. ह. साळुंखे यांनी मराठीत ही धूळ बरीच झटकली. तरी सुखाचं नाव काढलं की आपण आधी तुपाचा डबा लपवतो.

मात्र चित हा एपिक्युरसचा अनुयायी होता, असं कोणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. जुन्नरला आलेला प्रत्येक यवन तत्त्वज्ञ नव्हता, जसा नारायणगावचा प्रत्येक माणूस तमासगीर नसतो. उलट चितचं दान एपिक्युरसच्या हिशेबात बसतच नाही. मेल्यावर काही उरत नाही म्हणणाऱ्याला पुण्य जोडून काय करायचं? शिवाय शहाण्यानं भिक्षा मागू नये असं त्याचं मत. संघ तर भिक्षेवरच चाले. पण इच्छा छाटा, भय सोडा, सोबती नीट निवडा, इतक्यावर बागेतला ग्रीक आणि लेण्यातला भिक्खू बरेच जवळ येतात. चितला हे जाणवलं असेल का? दोन ओळींच्या लेखातून एवढं काढू नये.

जुन्नरशेजारच्या आंबेगाव तालुक्यात, निरगुडसरच्या बाजूला मात्र एपिक्युरसची एक गोष्ट अडते. डिंभे धरणाच्या पाण्यानं तालुक्याचा पूर्व पट्टा हिरवा झाला, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. लाइट रात्रीची, म्हणून पाणी धरायला माणूस अंधारात बॅटरी घेऊन निघतो. एपिक्युरसनं देवांचं आणि मरणाचं भय खोटं ठरवलं. आपण आहोत तोवर मरण नाही, मरण आलं की आपण नाही, हा त्याचा युक्तिवाद बांधावर उभ्या माणसाला सांगून पाहा! त्याला युक्तिवाद नको, दिवसाची लाइट हवी. एपिक्युरसही हे नाकारणार नाही. स्वतःचा बचाव करणं तो नैसर्गिकच मानतो. फक्त तेवढ्यानं मन निवत नाही, असं त्याचं म्हणणं. ते खरं असेल, पण आधी तेवढं तरी होऊ द्या.

आणि नावाचं काय? प्रसिद्धीपासून दूर जगा, हा एपिक्युरसचा उपदेश. हरिनाम सप्ताहाच्या पत्रिकेत अन्नदात्यांची नावं छापतात, तसं चितनं आपलं नाव खडकात कोरून घेतलं. त्याला हसण्याआधी आजच्या तुर्कस्तानातल्या ओइनोआंदाला जाऊन यावं. साधारण त्याच काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिथल्या डायोजेनिस नावाच्या म्हाताऱ्यानं भर गावातल्या भिंतीवर एपिक्युरसचं तत्त्वज्ञान कोरून घेतलं. तो लेख २५ हजार शब्दांच्या आसपास असावा असा अंदाज आहे. १८८४पासून त्याचे शेकडो तुकडे सापडले आहेत. हे सगळं परक्यांसाठीही आहे, कारण खरं तर कोणी परकं नाहीच, असं तो त्यात सांगतो. एपिक्युरसचा एवढा कट्टर भक्त, पण त्या भिंतीवर स्वतःचं नाव घालायला तोही विसरला नाही.