खिडकीच्या काचेलाही ‘स्क्रीन गार्ड’? सिक्युरिटी फिल्म काय करते आणि काय नाही

मोबाईल हातातून सटकतो, फरशीवर आपटतो आणि स्क्रीनवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. तरी काचेचे तुकडे बहुतेक वेळा खाली सांडत नाहीत. त्याच फुटक्या स्क्रीनवर आपण महिनाभर रील्स बघतो! कारण सोपं आहे: वरची काच आतल्या डिस्प्लेला चिकटवलेली असते. काच फुटते, पण जागा सोडत नाही.

खिडकीच्या काचेवर लावायची सिक्युरिटी फिल्म नेमकं हेच काम करते.

फुटलेली काच एवढी धोकादायक का?

१५ फेब्रुवारी २०१३ च्या सकाळी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर आकाशात एक उल्का फुटली. डोळे दिपवणारा उजेड पडला. काय झालं ते बघायला बरेच लोक खिडकीशी गेले. उजेड लगेच पोचतो, पण हवेतला धक्का मागून येतो. तो सुमारे दोन मिनिटांनी आला आणि शहरभर काचा फुटल्या. जवळपास दीड हजार लोक जखमी झाले, त्यातले बहुतेक उडालेल्या काचांमुळे. उल्का थेट कुणाच्याच अंगावर पडली नव्हती.

आपल्याकडेही हे घडलंय. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हा आजूबाजूच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. साधी काच फुटली की तिचे सुरीसारखे लांब, धारदार तुकडे होतात. स्फोट तर लांबच राहिला, क्रिकेटचा बॉलही त्याला पुरतो.

फिल्म म्हणजे नक्की काय?

पॉलिएस्टरचे पारदर्शक थर एकमेकांवर चिकटवून ही फिल्म बनते. एका बाजूला जोरदार गोंद असतो. जाडी ‘मिल’मध्ये मोजतात. १ मिल म्हणजे एक इंचाचा हजारावा भाग, म्हणजे साधारण २५ मायक्रॉन. सिक्युरिटी फिल्म बहुतेक वेळा ४ ते ८ मिलची असते, म्हणजे ०.१ ते ०.२ मिलिमीटर. ऊन अडवणारी नेहमीची सनकंट्रोल फिल्म याहून बरीच पातळ असते. म्हणून ‘फिल्म लावलीये’ एवढ्यावर समाधान मानू नका, जाडी विचारा.

काचेला ताण सोसत नाही, ती तडकते. पॉलिएस्टर मात्र ताणलं जातं आणि ताणता ताणता धक्क्याची ऊर्जा खातं. तुकडे गोंदाला धरून राहतात. चोराने हातोडा मारला तर एका घावात भगदाड पडत नाही. त्याला वेळ लागतो, आवाज होतो.

पण ‘काच फुटणारच नाही’ किंवा ‘बुलेटप्रूफ’ असं कुणी सांगत असेल तर सावध व्हा. काच फुटतेच. फिल्म फक्त फुटल्यानंतरचं नुकसान कमी करते.

खरी गोम चौकटीत आहे

हा मुद्दा बरेच जण विसरतात. ५ मिलिमीटर जाडीच्या १ चौरस मीटर काचेचं वजन साधारण साडेबारा किलो असतं. ४ फूट बाय ५ फुटांची काच धरली तर २३ किलोच्या आसपास. फिल्म फक्त दिसणाऱ्या काचेवर लावली आणि काच फुटली, तर जोराच्या धक्क्याने ती अख्खी, ओल्या गोधडीसारखी, चौकटीतून बाहेर पडू शकते. टफन काचेत हा धोका जास्त, कारण तिचा एका क्षणात बारीक चुरा होतो आणि तिच्यात स्वतःचा ताठपणा उरत नाही.

उपाय म्हणजे फिल्मची कड चौकटीला बांधणं. त्यासाठी कडेने खास स्ट्रक्चरल सिलिकॉन भरतात किंवा पट्ट्या बसवतात. अर्थात चौकट सैल असेल, स्लायडिंग हलत असेल, तर आधी ती दुरुस्त करा.

पैसे देण्याआधी हे तपासा

१. काच कोणती आहे? टफन काचेच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा शिक्का असतो. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच असेल तर तुकडे धरायचं काम आधीच झालंय.

२. टेस्ट रिपोर्ट मागा. ‘ईएन १२६००’ या युरोपियन चाचणीत ५० किलोचा टायर लावलेला लोलक काचेवर आदळवतात. रिपोर्टमधली काच तुमच्याच प्रकारची आणि जाडीची आहे का, तेही बघा.

३. गडद फिल्म जपून निवडा. ती उष्णता शोषते. मग साध्या काचेचा मधला भाग तापतो, चौकटीतली कड गार राहते आणि काच आपोआप तडकू शकते.

४. घाई नको. फिल्म साबणाच्या पाण्याने बसवतात. आत राहिलेलं पाणी सुकायला काही आठवडे लागू शकतात, पावसाळ्यात जास्तच. तोवर दुधाळ डाग दिसले तर घाबरू नका आणि फिल्म ओढूही नका.

५. सुटकेची वाट ठेवा. आग लागली तर फिल्म लावलेली काच फोडून बाहेर पडणं अवघड जातं. प्रत्येक खोलीत उघडणारी एक तरी खिडकी हवी.

आणि हो, हे सगळं इमारतींसाठी आहे. गाडीच्या काचांचे नियम वेगळे असतात.

नवीन घर बांधत असाल तर सरळ लॅमिनेटेड काच घ्या. काचा आधीच बसवलेल्या असतील तर नीट बांधलेली फिल्म हा चांगला पर्याय आहे.

शेवटचं सांगतो, याला एक रुपयाही लागत नाही. बाहेर अचानक मोठा उजेड दिसला तर व्हिडिओ काढायला खिडकीशी धावू नका. एक किलोमीटरवरून धक्का पोचायला साधारण तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात काचेकडे पाठ करून आत सरका. फिल्म लावलेली असली तरीही.