माश्या मारायला चाललेल्या चौघी

'माश्या मारत बसणं' म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गेला हिवाळाभर मी आणि माझ्या तीन मैत्रिणी मात्र माश्या बनवत बसलोय. बोटाच्या पेराएवढा गळ चिमट्यात धरायचा, त्याला रेशमासारखा दोरा गुंडाळायचा, कोंबड्याचं पीस आणि सांबराचे चार केस बांधायचे, की झाली माशी तयार. पाण्यावर तरंगणारी. माशाला ती खरी वाटली तर आपलं नशीब. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हा उद्योग चालतो, आणि चहात पिसं पडतात म्हणून नवरा हल्ली कप घेऊन बाहेरच्या खोलीत जातो.

तर मैत्रिणींनो, येत्या जुलैत आम्ही चौघी कॅनडाच्या वायव्येला, युकॉन प्रदेशातल्या टेस्लिन नदीत कनू घेऊन उतरणार आहोत. कनू म्हणजे लांबट, उघडी, वल्ह्याची होडी. जॉन्सन्स क्रॉसिंग नावाच्या पुलाखाली पाण्यात उतरायचं ते कारमॅक्स नावाच्या छोट्या गावी बाहेर पडायचं. अंतर सुमारे ३७० किलोमीटर. टेस्लिनचं पाणी अर्ध्या वाटेवर हूटालिंक्वा इथे युकॉन नदीला मिळतं. बहुतेक सगळ्या वाटेत नदीकाठी रस्ता नाही, दुकान नाही, मोबाइलची रेंज नाही. मुक्काम तंबूत. आणि रोज संध्याकाळी फ्लाय फिशिंग.

आता यातली खरी गोष्ट सांगते. आम्ही चौघी भेटलो त्या व्हँकुव्हरमध्ये, एका ड्रॅगन बोटीत. त्या बोटीत वल्हं मारणारी प्रत्येक बाई स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेली आहे. माझं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. उजव्या बाजूचं. काखेतल्या गाठीही काढल्या. त्या काढल्या की हातातल्या लसीकेचा निचरा मंदावतो, हात कधीही सुजू शकतो आणि एकदा सुजला की ते दुखणं सहसा पुरतं जात नाही. ऑपरेशननंतर मला भेटायला आलेली प्रत्येक जण एकच सांगायची, 'त्या हातानं बादलीसुद्धा उचलू नकोस हं.' तेव्हा कित्येक डॉक्टरही हेच सांगत.

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. डॉन मॅकेन्झी यांना हे पटत नव्हतं. ते खेळांच्या दुखण्यांचे डॉक्टर. १९९६ मध्ये त्यांनी कर्करोगातून बऱ्या झालेल्या २४ बायकांना ड्रॅगन बोटीत बसवलं. वल्हवण्याइतका हातांना थकवणारा, पुन्हापुन्हा तेच करायला लावणारा व्यायाम शोधून सापडणार नाही. हळूहळू ताकद वाढवत नेली. त्यातल्या एकीचाही हात सुजला नाही. पुढे १९९८ मध्ये त्यांनी हे कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आज जगभर अशा बोटी आहेत. गंमत अशी की त्याच १९९६ साली, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात एक महिला सर्जन आणि एक फ्लाय फिशिंग शिकवणारी बाई यांनी मिळून 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' ही संस्था काढली. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या बायकांना त्या विनामूल्य शिबिरात नदीवर नेतात आणि गळ फेकायला शिकवतात. ऑपरेशननंतर खांदा मोकळा व्हावा म्हणून जे व्यायाम देतात, त्यांच्याशी या फेकण्याची हालचाल बरीच जुळते.

म्हणजे वल्हं आणि गळ, दोन्ही आमच्या वाट्याला कर्करोगामुळेच आले. ते मला घरातल्या बाकीच्यांना पटवता आलेलं नाही, ते वेगळं.

मी मूळची मालवणची. मासे आमच्या रक्तातच. पण गरवायला जायचे ते बाबा आणि काका. बायका ओहोटीला तिसऱ्या काढायच्या, मासे विकायच्या, कापायच्या, वाटण घालायच्या. हातात गरी धरलेली बाई मी लहानपणी पाहिली नाही. फोनवर आईला हा बेत सांगितला. तिचं वय ८१. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पकडलेलो मासो परत सोडतलंस? मगे जातंस कित्याक गो?" कर्करोग, अस्वलं, थंड पाणी, यातल्या कशाबद्दलही तिला शंका नव्हती. आक्षेप एवढाच.

फ्लाय फिशिंगचं तंत्र आपल्या गरीपेक्षा वेगळं आहे. गरीला वजन लावतो, ते वजन दोरी घेऊन लांब जातं. इथे माशीला वजनच नाही, फुंकर मारली तर उडेल. त्यामुळे दोरीच जाड आणि जड असते. ती हवेत मागे-पुढे लांबवायची आणि अलगद पाण्यावर सोडायची. जोर लावला की बिघडलंच. मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं असतं, आणि ते थांबणं सगळ्यात कठीण. मी गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून मागच्या अंगणात सराव करते. शेजारचे आजोबा कुंपणावरून बघतात. परवा म्हणाले, "काही लागलं का?" म्हटलं, "गुलाब लागला."

टेस्लिनमध्ये आम्हाला हवा आहे तो आर्क्टिक ग्रेलिंग. पाठीवर शिडासारखा मोठा पर, त्यावर जांभळट ठिपके. लहान ओढे नदीला मिळतात तिथल्या नितळ पाण्यात तो असतो आणि पाण्यावर पडलेले किडे टिपतो. त्याचं शास्त्रीय नावच थाइम या वनस्पतीवरून आलंय, कारण ताज्या माशाला तसा वास येतो म्हणतात. थाइममध्ये आणि आपल्या ओव्यात थायमॉल हे एकच द्रव्य असतं, तेव्हा हा ओव्याच्या वासाचा मासा म्हणायला हरकत नाही. एखादा आम्ही खाऊही. बाकीचे सोडायचे, म्हणून गळाचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकलाय.

त्याच नदीत चिनूक सामनही येतो, पण त्याला हात लावायचा नाही. बेरिंग समुद्रातून निघून प्रवाहाविरुद्ध जवळजवळ तीन हजार किलोमीटर पोहत तो अंडी घालायला टेस्लिनच्या पाण्यात पोचतो. आता पोचणारे फार थोडे उरलेत. २०२३ साली अमेरिकेची हद्द ओलांडून कॅनडात आलेले चिनूक पंधरा हजारही नव्हते. म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये दोन्ही देशांनी मिळून सात वर्षं, म्हणजे त्या माशाची एक पूर्ण पिढी, युकॉन नदीतली चिनूकची मासेमारी थांबवली. नदीकाठच्या टेस्लिन ट्लिंगिट लोकांनी तर त्याच्या कितीतरी आधीपासून स्वतःहून हात आखडता घेतला होता. ज्यांचा हा पिढ्यानपिढ्यांचा घास, तेच थांबले. (ट्लिंगिट लोकांत मुलांचं कूळ आईकडून ठरतं, हे वाचून मला फार बरं वाटलं.)

नदी कुठली निवडायची यावरच आमचे दोन गुरुवार गेले. खूप लोक व्हाइटहॉर्स शहरातून निघतात. पण त्या वाटेवर लेबार्ज नावाचं ५० किलोमीटर लांबीचं सरोवर लागतं. वारा सुटला की त्यात समुद्रासारख्या लाटा उठतात. आमच्यातली एक व्हाइटहॉर्समध्येच वाढलेली, वय ६३, टेस्लिन दोनदा केलेली. ती म्हणाली, "सरोवरात वारा तुमचा वेळ ठरवतो, नदीत तुम्ही." टेस्लिनचा प्रवाह स्वतःच पुढे नेतो, मोठे धबधबे नाहीत, आणि सरोवर टळतं. दहा दिवस धरलेत. एक दिवस हूटालिंक्वाला नुसता बसायचा. उरलेल्या नऊ दिवसांत रोज ४१ किलोमीटर. ऐकायला भरपूर, पण पाणी वाहतं असल्यानं पाच-सहा तासांचं काम. दिवस तर संपतच नाही. जुलैत तिथे सूर्य रात्री अकराच्या पुढे मावळतो आणि अंधार असा होतच नाही.

मला अस्वलांपेक्षा पाण्याची भीती जास्त. कोकणातल्या होडीला बाजूला उलांडी असते, होडी सहसा कलंडत नाही. कनूला उलांडी नसते. मॅनिटोबा विद्यापीठाचे प्रा. गॉर्डन गिसब्रेख्त यांनी थंड पाण्याचा एक हिशेब सांगितलाय, एक-दहा-एक. पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं. मग दहा मिनिटं हातपाय उपयोगी पडतील अशी. आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. पोहता येतं म्हणून लाइफ जॅकेट काढून ठेवणारी माणसं या पहिल्या मिनिटातच जातात. आमचा नियम ठरलाय, वल्हं हातात तर जॅकेट अंगात. मेमध्ये जवळच्या तळ्यात मुद्दाम कनू उलटवून परत चढायचा सराव करणार आहोत.

शिध्याचं खातं माझ्याकडे आहे. इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. १९०३ मध्ये लिओनिडास हबर्ड नावाचा तरुण अमेरिकी पत्रकार दोन साथीदारांसह कनू घेऊन लॅब्राडोरच्या आतल्या भागात गेला. शिधा थोडा होता, शिकार आणि मासे यांवर भिस्त होती. त्यात सुरुवातीलाच ते चुकीच्या नदीत शिरले. ऑक्टोबरमध्ये हबर्ड तंबूत उपासमारीनं गेला. दोन वर्षांनी, १९०५ च्या जूनमध्ये त्याची पत्नी मीना हबर्ड त्याच प्रदेशात उतरली. वाट दाखवायला होता जॉर्ज एल्सन, नवऱ्याच्या मोहिमेतून वाचलेला. बरोबर पुरेसा शिधा होता. दोन महिन्यांत ती उंगावा उपसागरापाशी पोचली, वाटेत नकाशे केले आणि १९०८ मध्ये पुस्तक लिहिलं. म्हणून माझ्या यादीच्या डोक्यावर लिहिलंय, 'मासे हिशेबात धरायचे नाहीत.'

चौघी, दहा दिवस, वर दोन दिवसांचं जास्तीचं. माणशी रोज ६५० ग्रॅम कोरडं अन्न धरलं तर ३१ किलो होतं. मुगाची उसळ शिजवून, यंत्रात वाळवून पाकिटं केलीत; गरम पाणी ओतलं की वीस मिनिटांत पुन्हा उसळ. थालीपिठाची भाजणी, मेतकूट-भात, शेंगदाण्याचे लाडू, सोलकढीसाठी आमसुलं. बाकीच्या तिघी मेतकुटावर फिदा आहेत. फोडणीवर मात्र बंदी आली. हिंग-लसणीचा वास अस्वलाला मैलभर जाईल, असं व्हाइटहॉर्सवालीचं म्हणणं. चूल तंबूपासून लांब, अन्न घट्ट झाकणाच्या पिंपात, माशाची घाण वाहत्या पाण्यात आणि अस्वलासाठीचा मिरीचा फवारा कमरेला, पिशवीच्या तळाशी नाही.

आता हात. आमच्यातली एक निवृत्त नर्स आहे, तिनं यावर वेगळी वही केलीय. सुजेची भीती वल्हवण्यापेक्षा कातडी फुटण्याची जास्त. डास चावला, गळ टोचला, ऊन लागलं आणि त्यातून जंतुसंसर्ग झाला तर हात काही तासांत लालभडक होऊ शकतो, आणि इस्पितळ जवळ नाही. म्हणून डॉक्टरांकडून अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स लिहून घेऊन बरोबर ठेवायचा. वल्हवताना दाब देणारी बाही आणि हातमोजे. दर तासाला बाजू बदलायची. रोज संध्याकाळी शिवणाच्या टेपनं दोन्ही हात चार जागी मोजायचे आणि वहीत लिहायचे. दोन हातांत दोन सेंटिमीटरचा फरक आला की ती सूज समजायची.

आणि आली तर? यावर आमचं चांगलंच वाजलं. रस्त्यावरून माघारी वळता येतं. नदी एकाच दिशेला नेते. ताप किंवा लाल रेषा दिसली तर उपग्रहावरून मदत मागवणाऱ्या यंत्राचं बटण दाबायचं, यावर वाद नव्हता. पण नुसती सूज आली तर जिची सूज तिनं वल्हं खाली ठेवायचं, कनूत बसून राहायचं आणि बाकीच्यांनी तिला न्यायचं, असं नर्सबाईंनी मांडलं. मी म्हटलं, मी सामान म्हणून येणार नाही. आमची चौथी, सरे गावातली पंजाबी शिक्षिका, एरवी फारसं बोलत नाही. ती म्हणाली, "केमोच्या वेळी आपण सगळ्या चार-चार महिने सामानच होतो की. कुणीतरी उचललंच ना?" त्यावर मी सही केली. खरोखर कागदावर, चौघींनी.

नवरा अजून पूर्ण राजी नाही. तो भांडत नाही, पण रात्री उशिरा त्या नदीचा नकाशा उघडून बसलेला असतो. ते यंत्र ठरावीक वेळानं आमची जागा नकाशावर ठिपका म्हणून दाखवणार आहे, हे कळल्यावर थोडा निवळला. मग विचारलं, "ठिपका हलला नाही तर?" म्हटलं, "तर समज मासे लागतायत." हसला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच जाऊन जास्तीच्या बॅटऱ्या घेऊन आला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चौघींची तपासणी आहे. मासेमारीचा परवाना काढायचाय, काठावरच्या आदिवासींच्या जमिनी नकाशावर रंगवायच्यात, दोन कनू आणि एक जास्तीचं वल्हं व्हाइटहॉर्सला ठेवून द्यायला सांगितलंय. आईनं मालवणहून डोक्याला बांधायचा जुना सुती पंचा पाठवलाय, बाबांचा, गरवायला जाताना ते बांधायचे तो. पार्सलात सोबत चिठ्ठी आहे, की निदान एक तरी मासा खा.