खताचा वर्ग, मोबाइलवर

ओल्या कचऱ्याचं खत करायला मोबाइलवरून शिकवणं हा आज घरबसल्या करता येण्याजोगा व्यवसाय आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा ठेवणं बंधनकारक केलं आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. खताचं पिंप विकत घेणं सोपं असतं. ते चालवायचं कसं, हे समजावून सांगणारं माणूस मात्र सहज मिळत नाही.

खतातल्या चुका ठरलेल्या असतात. पिंपाला वास येऊ लागला, की समजावं, ओल वाढली आणि हवा कमी पडली. कोकोपीट किंवा वाळका पालापाचोळा मिसळून नीट ढवळलं, की वास उतरतो. ओल पाहण्याची रीत तर कॅमेऱ्यासमोर फार छान दाखवता येते. खत मुठीत घट्ट दाबा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर सुकं घाला. मूठ उघडताच भुगा सांडला तर पाणी शिंपडा. हे वाचून उमगत नाही, एकदा पाहिलं की विसरत नाही.

शिकलेल्यांना कचरा कुजवणारं कल्चर, कोकोपीट, गांडुळं लागतातच, तीही पुरवता येतात. पण माझ्या मते खरं टिकाऊ उत्पन्न संकुलांच्या दरमहा देखभालीत आहे, कारण उत्साह ओसरतो आणि पिंप मात्र रोज भरतं. तयार खत पोत्यांत भरून विकायचं असेल, तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातले निकष आधी वाचून घ्यावेत.