ढिगारा हिरवा झाला, माती झाली का?

चंद्रपूरहून घुग्घुसकडे जाताना दूरवर सपाट माथ्याचे डोंगर दिसतात. ते डोंगर नव्हेत. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोहोचण्याआधी वरचा सगळा थर उपसून टाकावा लागतो, त्याचे हे ढिगारे.

या उपशात जमीन अक्षरशः उलटी होते. वेगळी राखली नाही, तर कापूस-सोयाबीन पिकवणारी काळी माती तळाशी गाडली जाते आणि खालचा कामठी वालुकाश्म माथ्यावर येऊन बसतो. डंपरच्या चाकांखाली तो दाबला जातो. पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि मे महिन्यात माथा तव्यासारखा तापतो.

माती परीक्षणातही हा ढिगारा चकवतो. सेंद्रिय कर्बाचा आकडा कधी कधी चक्क उत्तम येतो, कारण नमुन्यात कोळशाची भुकटी असते! कोट्यवधी वर्षं दगडात बंद असलेला हा कर्ब जिवाणूंच्या फारसा कामाचा नसतो. त्या कागदावर विसंबून पेरणी केली, तर बियाणं वाया.

खरी उणीव सूक्ष्मजीवांची. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतील आशा जुवारकर आणि सहकाऱ्यांनी कोळसा खाणीच्या १० हेक्टर ढिगाऱ्यावर सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ हेक्टरी ५० टन घातला, सोबत रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर हे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी दिली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जड धातूंची विषारकता ३४ ते ४३ टक्क्यांनी उतरली. यातली बुरशी मोठी कामाची. केशमुळांहून बारीक तंतू ती दगडी फटींत घालते, तिथला स्फुरद झाडाला आणून देते आणि मोबदल्यात साखर घेते. जाता जाता मातीचे कण एकमेकांना चिकटवून जमीन रवाळ करते, ते वेगळंच.

मात्र झाडं जगली म्हणजे शेत परत मिळालं, असं मी मानत नाही. सागवान आणि बांबू तगतात तिथे पराटीचं बोंड भरेलच, असं नाही. ज्याची शेती गेली, त्याला हिरव्या ढिगाऱ्याचं काय कौतुक?

वरची माती वेगळी काढून ठेवण्याची अट खाणींना असतेच. पण उंच ढीग मारून वर्षानुवर्षं ठेवली, तर आतली हवा संपते आणि जीव मरतात. एकीकडे काढलेली माती त्याच हंगामात खाणीच्या भरून झालेल्या तुकड्यावर पसरली, तर बुरशीचे बीजाणू नि गवताचं बी फुकटात मिळतं. त्यावर सुरुवातीची काही वर्षं ताग-ढेंचा पेरून गाडावा. कापसाची घाई नको.